पहिल्या घराची चावी देण्याआधी बस सुरू हवी: नव्या निवासी नगराच्या सार्वजनिक वाहतुकीचं नियोजन

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोकळ्या जमिनीवर सुमारे एक लाख वस्तीचं निवासी नगर पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने उभं राहायचं आहे. मोठं शहर वीस किलोमीटरवर आहे. आराखडा अजून कागदावर आहे. मेट्रो मागावी, ट्राम मागावी की बसवर भागवावं? आणि सुरुवातीला प्रवासीच नसतील, तर सेवा नेमकी कधी सुरू करावी?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण क्रम उलटा घेतो. सेवा कधी सुरू होणार हे आधी ठरवायचं, ती कुठून जाणार हे त्याच्याबरोबरच ठरवायचं, आणि वाहन कोणतं याचा विचार सगळ्यांत शेवटी करायचा. मी या कामात बरीच वर्षं आहे. नव्या नगराच्या बैठकीत तासभर चर्चा होते ती वाहनाची. त्याच बैठकीत रस्त्यांचा नकाशा पाच मिनिटांत मंजूर होतो. खरा निर्णय मात्र त्या नकाशातच झालेला असतो. कोणत्या घरातून थांब्यापर्यंत चालत जाता येईल, बसला सरळ जाता येईल की गल्लीबोळांतून वळसे घ्यावे लागतील, दर पाच मिनिटांनी गाडी परवडेल की दर पंधरा मिनिटांनी, हे सगळं त्या रेघांनी पक्कं केलेलं असतं. पुढे मेट्रो आणली तरी त्या रेघा बदलत नाहीत.

आधी वेळेचं बोलू, कारण इथे झालेली दिरंगाई नंतर भरून काढणं सर्वांत अवघड असतं.

तोक्योच्या पश्चिमेला तामा न्यू टाऊन वसवलं गेलं. पहिली कुटुंबं १९७१ मध्ये राहायला आली आणि रेल्वे तिथे पोचली १९७४ मध्ये. मधली तीन वर्षं लोक बसने दूरच्या स्थानकापर्यंत जात आणि तिथून गाडी पकडत. त्या वसाहतीला जमिनीवरचं बेट म्हटलं जाई, यावरून त्या वर्षांची कल्पना यावी. लंडनच्या थेम्समीडची गोष्ट याहून वाईट. तिथे पहिले रहिवासी १९६८ मध्ये आले, सत्तरच्या दशकात भुयारी रेल्वेची योजना आखली गेली आणि पुढे ती सोडून दिली गेली. जवळच्या ॲबी वूड स्थानकावर एलिझाबेथ लाइनची वेगवान सेवा आली ती थेट २०२२ मध्ये. म्हणजे ज्यांना ‘लवकरच येईल’ असं सांगितलं होतं, त्यांची नातवंडंसुद्धा तोवर मोठी झाली.

याच्या उलट उदाहरणंही आहेत. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराने रीझेलफेल्ड ही नवी वसाहत उभारताना १९९७ मध्येच तिथे ट्राम नेली. तेव्हा तिथे जेमतेम हजारभर लोक राहत होते. व्हिएन्नाने झेश्टाट आस्पर्न या नव्या वसाहतीत याहून धाडस दाखवलं. तिथे भुयारी रेल्वेची यू२ मार्गिका ऑक्टोबर २०१३ मध्ये पोचली आणि रहिवासी आले २०१४ मध्ये. स्थानकाबाहेर तेव्हा क्रेन आणि मातीचे ढीग होते. पण घर बघायला येणारं प्रत्येक कुटुंब रेल्वेने येऊन रेल्वेने परत जाऊ शकत होतं, आणि घर घ्यायचं की नाही हा विचार तिथूनच सुरू होत होता.

पहिल्या काही महिन्यांना एवढं महत्त्व का? माणूस घर बदलतो तेव्हा त्याच्या सगळ्याच सवयी मोकळ्या होतात. मुलांची शाळा कोणती, कामावर कधी निघायचं, भाजी कुठून आणायची, दुसरी गाडी घ्यायची की नाही, हे सगळं त्या दोन-तीन महिन्यांत नव्याने ठरतं. त्या काळात बस नसेल तर कुटुंब गाडी घेतं, आणि घेतलेली गाडी पुढची आठ-दहा वर्षं दारात असते. तुमची उत्तम बस दोन वर्षांनी आली, तर तिची स्पर्धा आता पैसे भरून झालेल्या गाडीशी असते. त्या कुटुंबाच्या हिशोबात गाडीच्या एका फेरीचा खर्च म्हणजे फक्त इंधन. तिकीट त्याहून स्वस्त ठेवणं बहुधा जमत नाही. मग अहवालात लिहिलं जातं की या वस्तीत बसला मागणी नाही.

‘तोटा होईल’ ही भीती मी समजू शकतो, म्हणून तो तोटा मोजूनच बघू. समजा, पहिला मार्ग नगरातून जवळच्या रेल्वे स्थानकापर्यंत आहे. एका बाजूचा प्रवास वीस मिनिटांचा. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं, आणि टोकाला थांबण्यासाठी, उशीर भरून काढण्यासाठी पाच मिनिटं. दर पंधरा मिनिटांनी गाडी सोडायची तर तीन बस लागतात, आणि एक राखीव. पहाटे ५ ते रात्री १२ अशी एकोणीस तास सेवा आठवड्याचे सातही दिवस चालवायची तर तीन बसचे मिळून आठवड्याला ३९९ तास होतात. चाळीस तासांच्या आठवड्यात एका चालकाचे प्रत्यक्ष चाकामागचे पस्तीसेक तास धरले, आणि रजा व आजारपण जमेस घेतलं, तर चौदा चालक हवेत. चार गाड्या, चौदा चालक, एक पर्यवेक्षक. एक लाख लोकांच्या नगरावर होणाऱ्या एकूण खर्चात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. रस्ते, गटारं आणि पथदिवे यांचा खर्च पहिला रहिवासी येण्याआधी होतो आणि त्याला कुणी तोटा म्हणत नाही. पहिल्या तीन वर्षांची बससेवा त्याच यादीत, प्रकल्पखर्च म्हणून धरा. तिकिटाच्या उत्पन्नावर तिचं अस्तित्व अवलंबून ठेवू नका.

एक तडजोड मात्र अजिबात मान्य करू नका. ‘आधी एक छोटी गाडी दर चाळीस मिनिटांनी सोडू, गर्दी वाढली की फेऱ्या वाढवू,’ असं हमखास सुचवलं जातं. ते समंजस वाटतं, पण त्यातून गर्दी वाढतच नाही. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये या गुंत्याची नीट मांडणी केली: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की सगळ्यांचंच थांबणं कमी होतं, आणि थांबणं कमी झालं की आणखी प्रवासी येतात. हेच चक्र उलटही फिरतं. चाळीस मिनिटांच्या अंतराने धावणारी बस चुकली तर माणसाची सकाळ वाया जाते, आणि असं दोनदा झालं की तो पुन्हा थांब्यावर येत नाही. माझा अनुभव असा की गाड्यांमधलं अंतर दहा-बारा मिनिटांवर आलं की लोक वेळापत्रक बघणं सोडून देतात आणि सरळ घरातून निघतात. तो टप्पा जितक्या लवकर गाठाल तितकं बरं. सुरुवातीला पंधरा मिनिटं चालतील. त्याहून विरळ सेवा असेल तर ती फक्त ज्यांच्याकडे दुसरा पर्यायच नाही त्यांच्यासाठी उरते.

आता नकाशाकडे येतो. माझ्या मते सगळ्या उत्तरातला सर्वांत मोलाचा हिशोब हाच आहे, म्हणून जरा सावकाश करू.

रोजच्या बससाठी लोक साधारण चारशे ते पाचशे मीटर चालतात. म्हणजे एका सरळ मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे मीटर, असा एक किलोमीटर रुंदीचा पट्टा तो मार्ग सांभाळू शकतो. नगराची एकूण घनता, म्हणजे रस्ते, बागा, शाळा सगळं धरून, दर हेक्टरी १२० माणसं असेल, तर एक लाख लोकांना ८३३ हेक्टर जागा लागते. एक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात ती मांडली तर पट्ट्याची लांबी सव्वाआठ किलोमीटरच्या आसपास येते. ताशी २० किलोमीटर वेगाने बसला एका बाजूला पंचवीस मिनिटं लागतात. येण्याजाण्याची पन्नास आणि टोकांवरची दहा धरून साठ मिनिटांची फेरी झाली. बारा बसमध्ये दर पाच मिनिटांनी गाडी, आणि तीही नगरातल्या प्रत्येक घराला.

आता घनता निम्मी करा, हेक्टरी ६०. लोक तेवढेच, पट्टा दुप्पट लांब, फेरी दोन तासांची. त्याच बारा बस, तेच चालक, तेवढाच खर्च, आणि गाडी दर दहा मिनिटांनी. हेच नगर लांबट न ठेवता चौकोनी केलं, म्हणजे हेक्टरी १२० धरून साधारण २.९ किलोमीटर बाजूचा चौरस, तर सगळ्या घरांना पाचशे मीटरच्या आत आणायला तीन समांतर मार्ग लागतात. बारा बस तिघांत वाटल्या जातात. मार्ग आखूड असल्याने त्यांचं कसंबसं भागतं, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं तर मधे गाडी बदलावी लागते. म्हणून नगराचा आकार आणि घनता ठरवण्याच्या बैठकीत वाहतूक नियोजक बसलेला हवा. दोन वर्षांनी त्याला बोलावून ‘आता यात बस बसवून द्या’ म्हटलं, तर त्याच्या हाती फार काही उरत नाही.

ही कल्पना नवी नाही. कोपनहेगनने १९४७ मध्येच रेल्वेच्या मार्गांवर बोटांसारखी पसरणारी वाढ आखली आणि बोटांच्या मधल्या जागा हिरव्या ठेवल्या. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ पासून बसच्या स्वतंत्र मार्गिका सुरू केल्या आणि त्या मार्गांच्या कडेलाच उंच इमारतींना परवानगी दिली. मार्गापासून दूर गेलं की इमारती बुटक्या होत जातात. स्टॉकहोमच्या वेलिंगबी या उपनगरात भुयारी रेल्वे १९५२ मध्ये आली आणि उपनगराच्या मध्यवर्ती केंद्राचं उद्घाटन १९५४ मध्ये झालं. तिथे बहुमजली इमारती स्थानकाजवळ आणि बैठी घरं त्यांच्या पलीकडे. या सगळ्यांत एकच सूत्र आहे: सरासरी घनता कितीही असो, ती सगळीकडे सारखी पसरवू नका. थांब्यालगत जास्त, लांब कमी. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सने, म्हणजे १९६७ मध्ये जाहीर झालेल्या नगराने, नेमकं याच्या उलट केलं. सुमारे एक किलोमीटरच्या चौकटीत वेगवान रस्ते, घरं त्या रस्त्यांकडे पाठ करून आत वळलेली, आणि वस्ती सर्वत्र विरळ. बसने मोठ्या रस्त्यावरून जावं तर घरं लांब राहतात, आत शिरावं तर वळसे संपत नाहीत.

इंग्लंडमधलंच रंकॉर्न याबाबत फार शिकवून जातं. आर्थर लिंग यांच्या १९६७ च्या आराखड्यात बसचा स्वतंत्र मार्ग हा नगराचा कणा होता. आठ आकड्याच्या आकाराचा, सुमारे २२ किलोमीटरचा हा मार्ग १९७१ पासून सुरू झाला. मध्यभागी बाजारपेठ, आणि बहुतेक घरं पाच मिनिटांच्या चालीत. निम्मे लोक बसने आणि निम्मे मोटारीने फिरतील असा अंदाज होता. बसचा वाटा तेवढा कधी झाला नाही. बसमार्ग उत्तम होता, पण त्याच नगराला चहूबाजूंनी वेगवान मोटाररस्ता दिला होता आणि बाजारपेठेत वाहनतळही मुबलक होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी उत्तम दिल्या की लोक दारातली गाडी काढतात. त्यामुळे पार्किंगचा निर्णय हा वाहतूक आराखड्याचाच भाग असतो, त्याला इमारतीच्या नियमांत ढकलून चालत नाही. फ्रायबुर्गच्याच फाउबान वसाहतीत बऱ्याच घरांच्या दारात पार्किंग नाही. ज्याला गाडी ठेवायची त्याने वसाहतीच्या कडेच्या वाहनतळात जागा विकत घ्यायची. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्या माथी तो खर्च मारला जात नाही. गाडीपर्यंत चालायचं अंतर आणि थांब्यापर्यंत चालायचं अंतर सारखं झालं, की बसला निदान समान संधी मिळते. एवढं टोक गाठणं तुम्हाला जमणार नसेल, तर किमान घराची किंमत आणि पार्किंगची किंमत वेगवेगळी विका.

मार्ग सरळ असणं किती महत्त्वाचं, हेही आकड्यांत बघा. रुग्णालयासाठी मुख्य मार्गापासून आठशे मीटर आत स्वस्त जमीन मिळाली म्हणून ते तिथे बांधलं. रुग्णालयाला बस हवीच, त्यामुळे प्रत्येक गाडी आत जाऊन बाहेर येणार. सोळाशे मीटरचा वळसा, पाच मिनिटं. वर धरलेल्या मार्गावर प्रत्येक दिशेने हा वळसा घेतला की साठ मिनिटांची फेरी सत्तरवर जाते आणि दर पाच मिनिटांची सेवा टिकवायला बाराऐवजी चौदा बस लागतात. त्या दोन बस आणि त्यांचे चालक नगर अस्तित्वात असेपर्यंत पोसावे लागतात. शिवाय रुग्णालयात न जाणाऱ्या प्रत्येकाची पाच मिनिटं रोज, दोन्ही वेळा, जातात. जमिनीत वाचलेला पैसा काही वर्षांत संपतो. शाळा, महाविद्यालय, दवाखाना, बाजार, सरकारी कार्यालय यांचे भूखंड थांब्यांना चिकटूनच ठेवा, आणि नकाशावर ते भूखंड ठरवल्याशिवाय निवासी भूखंडांची विक्री सुरू करू नका.

बंद टोकांच्या गल्ल्यांबद्दल दोन शब्द. विकासकांना त्या आवडतात, कारण शांतता विकता येते. पण अशा गल्ल्यांमुळे थांबा सरळ रेषेत दोनशे मीटरवर असतो आणि चालत जायला सातशे मीटर लागतात. कागदावरच्या पाचशे मीटरच्या वर्तुळात ७८ हेक्टर बसतात. पायवाटा धड नसतील तर प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही हाती लागत नाहीत. उपाय साधा आहे. मोटारीसाठी गल्ली बंद ठेवा, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी उघडी ठेवा. आणि दोन वस्त्यांच्या मधे निदान एक जोडरस्ता असा ठेवा की ज्यावरून फक्त बस, सायकल आणि पादचारी जातील. नेदरलँड्समधल्या हौटेनमध्ये मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने फिरून जावं लागतं, सायकल मात्र सरळ मधून जाते. बसलाही हीच सवलत द्या. ज्या वस्तीत बसचा रस्ता मोटारीच्या रस्त्यापेक्षा आखूड असतो, तिथे बसची जाहिरात करावी लागत नाही.

वाहनाचा प्रश्न आता सोडवू, कारण त्यासाठी लागणारे आकडे आता हाताशी आहेत. एक लाख माणसं दिवसाला सरासरी अडीच फेऱ्या करतात असं धरलं तर अडीच लाख फेऱ्या. सर्वाधिक गर्दीच्या तासात त्यांतल्या दहा टक्के, म्हणजे २५ हजार. त्यांतल्या ३५ टक्के सार्वजनिक वाहतुकीने झाल्या, जे चांगलं यश आहे, तर पावणेनऊ हजार. त्या निरनिराळ्या दिशांना विखुरतात. एकाच मार्गावर, एकाच दिशेने, सर्वांत भरलेल्या ठिकाणी तासाला तीन हजारांच्या आसपास प्रवासी धरायला हरकत नाही. अठरा मीटर लांबीच्या जोडबसमध्ये ११० माणसं धरली तर तासाला २७-२८ गाड्या, म्हणजे साधारण दर दोन मिनिटांनी एक. स्वतंत्र मार्गिका असेल तर हे सहज पेलतं, आणि ट्रामलाही हा आकडा आरामात पेलतो. तासाला तीस हजार आणि त्याहून जास्त लोक नेऊ शकणारी मेट्रो केवळ या नगरासाठी बांधली, तर ती रिकामी धावेल, किंवा खर्च आवरण्यासाठी तिच्या फेऱ्या विरळ होतील. नगराच्या पलीकडेही मोठी वस्ती असेल आणि मेट्रो तिथपर्यंत जाणारच असेल, तर गोष्ट वेगळी. जवळून आधीच रेल्वे जात असेल तर तिच्यावर नवं स्थानक मिळवणं ही मेट्रोपेक्षा कितीतरी व्यवहार्य मागणी आहे, आणि नगराचा पट्टा त्या स्थानकापासूनच सुरू करायला हवा.

म्हणून माझा सल्ला: कण्यावर स्वतंत्र बसमार्गिका पहिल्या दिवसापासून, आणि ट्राम पुढे कधीतरी येऊ शकेल अशी जागा. यासाठी किमान सात मीटरची सलग पट्टी राखून ठेवा, थांब्यांजवळ जास्त. आणि कृपा करून त्या पट्टीखालून जलवाहिन्या, मलनिस्सारण वाहिन्या आणि विजेच्या केबल टाकू नका. मोकळी पट्टी दिसली की सगळ्या खात्यांना ती आपलीच वाटते. पुढे रूळ टाकायची वेळ आली की त्या वाहिन्या हलवण्यातच वेळ आणि पैसा जातो, आणि अनेक चांगले प्रकल्प तिथेच अडतात. नेदरलँड्समधलं आल्मेरे याचं मला भावलेलं उदाहरण. तिथे पहिले रहिवासी १९७६ मध्ये आले आणि रेल्वे आली १९८७ मध्ये. अकरा वर्षांचा विलंब झाला. पण नगराच्या आत बसचे स्वतंत्र रस्ते आराखड्यातच होते, त्यामुळे रेल्वे आली तेव्हा तिला जोडून घेणारी व्यवस्था तयार होती. रेल्वे कधी येणार हे बहुधा तुमच्या हातात नसतं. स्वतःच्या हद्दीतली पट्टी मात्र पूर्णपणे तुमच्या हातात असते.

निवासी नगराचं एक दुखणं असं की सकाळी सगळे एकाच दिशेने जातात. गाड्या शहराकडे खचाखच भरून जातात आणि रिकाम्या परत येतात, पण चालकाचा पगार आणि ऊर्जेचा खर्च दोन्ही दिशांना लागतोच. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी हे फार आधी ओळखलं. त्यांच्या कंपनीची विद्युत रेल्वे १९१० मध्ये सुरू झाली. मार्गालगत त्यांनी घरं बांधून हप्त्यांवर विकली, दुसऱ्या टोकाला ताकाराझुकामध्ये करमणुकीची ठिकाणं उभी केली आणि १९२९ मध्ये ओसाकातल्या स्थानकावर मोठं डिपार्टमेंट स्टोअर काढलं. गाड्या दोन्ही दिशांना आणि दिवसभर भरल्या पाहिजेत, हा त्यामागचा हिशोब होता. तुमच्याकडे करमणूकनगरी नसेल, पण नगराच्या दूरच्या टोकाला महाविद्यालय, मोठं रुग्णालय किंवा कार्यालयांचा गट आणता येतो. शहराच्या बाजूच्या टोकाला तेच ठेवलं तर गर्दीत भर पडते. दूरच्या टोकाला ठेवलं तर परतीच्या गाड्या भरतात.

जमिनीच्या वाढत्या किमतीतून वाहतुकीचा खर्च काढण्याचं सूत्रही याच घराण्यातलं. हाँगकाँगची रेल्वे कंपनी स्थानकांवरच्या बांधकामातून पैसा उभा करते. कोपनहेगनच्या ओरेस्टाड भागासाठी १९९२ मध्ये कायदा झाला आणि तिथली जमीन विकून मेट्रो उभारायची असं ठरलं. मेट्रो २००२ मध्ये धावली. हे करण्यासारखं आहे, मात्र जमीन विक्री मंदावली की परतफेड लांबते. म्हणून रोजच्या सेवेचा खर्च अशा उत्पन्नावर टांगू नका, बांधकामाचा काही भाग तेवढा त्यातून काढा.

सेवेचे तास ठरवताना फक्त सकाळ-संध्याकाळच्या नोकरदारांचा विचार होतो, आणि त्यात घर चालवणारी माणसं राहून जातात. मुलाला शाळेत सोडून पुढे दवाखाना, तिथून बाजार, मग परत शाळा, अशी साखळी करणारी व्यक्ती, बहुतेक वेळा बाई, दुपारी अकराला प्रवास करत असते. म्हातारी माणसं दुपारी निघतात. पाळीत काम करणारे पहाटे आणि मध्यरात्री. दुपारी गाड्या अर्ध्या केल्या की या सगळ्यांचा विश्वास जातो. शेवटच्या गाडीचंही तसंच आहे. शेवटची बस रात्री नऊला असेल, तर साडेनऊला सुटणारा माणूस सकाळची बसही घेत नाही, कारण परत कसं यायचं हे त्याला आधी ठरवावं लागतं. रात्रीच्या बसमध्ये चारच माणसं दिसतात, पण तिच्या भरवशावर दिवसा कितीतरी जण बसतात. हे वेळापत्रक कापणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि मी सांगत राहतो.

रस्त्याच्या रचनेतल्या काही गोष्टी पटकन नोंदवतो. बारा मीटर लांबीच्या बसला वळायला साडेबारा मीटर बाह्य त्रिज्येचं वर्तुळ लागतं. चौक त्या मापाने काढा. थांब्यांमधलं अंतर चारशे-पाचशे मीटर ठेवा, कारण प्रत्येक जादा थांबा वीस-तीस सेकंद खातो. थांब्यासाठी रस्त्याच्या कडेला खोबण करू नका. बस त्यात शिरते आणि मग कुणी तिला बाहेर येऊ देत नाही. तिला तिच्या मार्गिकेतच थांबू द्या. दोन्ही दिशांचे थांबे रस्ता ओलांडायच्या जागेलगत, उजेडात, घरांच्या आणि दुकानांच्या नजरेत असावेत. मागच्या बाजूला, झाडीत लपलेल्या थांब्यावर संध्याकाळनंतर कुणी उभं राहत नाही. रेल्वे आणि बस दोन्हींसाठी एकच तिकीट असू द्या, आणि गाडी बदलली म्हणून जादा आकार नको.

आगाराची जागा जवळजवळ प्रत्येक आराखड्यात राहून जाते. मग आगार दहा किलोमीटर लांब जातं आणि रोज पहाटे-रात्री रिकाम्या गाड्या तेवढं अंतर कापतात. विजेवरच्या बस असतील तर जागेबरोबर वीजही लागते. पन्नास बस रात्री प्रत्येकी पन्नास किलोवॅटने एकाच वेळी चार्ज करायच्या तर अडीच मेगावॅटची जोडणी हवी. ती नंतर मिळवायला वर्षं जाऊ शकतात. नगराचं वीजजाळं आखतानाच ती मागून ठेवा.

हे सगळं लेखी असायला हवं. विकास करणारी संस्था, बस चालवणारी संस्था आणि स्थानिक प्रशासन यांच्यात करार करा, आणि त्यात तारखांऐवजी घरांची संख्या लिहा, कारण बांधकामाच्या तारखा नेहमी सरकतात. मी साधारण असे टप्पे धरतो: पहिल्या घराच्या ताब्याआधी स्थानकापर्यंतचा मार्ग दर पंधरा मिनिटांनी, दोन हजार घरांना दर दहा मिनिटांनी, सहा-सात हजार घरांच्या आत कण्यावरची मार्गिका सलग पूर्ण. ठरलेला टप्पा गाठला आणि सेवा सुरू झाली नसेल, तर पुढच्या इमारतींना भोगवटा परवानगी मिळणार नाही, असं स्पष्ट कलम घाला. बांधकामाचा क्रमही करारात बांधा: स्थानकाच्या टोकाकडून, मार्गाला धरून, सलग. पाच विकासकांनी पाच कोपऱ्यांत एकाच वेळी काम सुरू केलं, तर पहिल्या हजार घरांसाठीच तुम्हाला संपूर्ण नगरभर बस फिरवावी लागेल.

तुमचा आराखडा अजून कागदावर आहे असं तुम्ही म्हणता, पण रस्त्यांचा नकाशा मंजुरीच्या शेवटच्या टप्प्यात असण्याची शक्यता मी धरतो. तसं असेल तर सगळं बदलण्याचा हट्ट धरू नका, तीन गोष्टी मिळवा. शेजारच्या वस्त्यांमधे एक-दोन ठिकाणी फक्त बसचे जोडरस्ते, त्यासाठी एखादा कोपऱ्याचा भूखंड परत घ्यावा लागला तरी चालेल. बंद गल्ल्यांच्या टोकांना तीन मीटरच्या पायवाटा, त्या कुंपणाच्या भिंती बांधून होण्याआधी. आणि शाळा-दवाखान्यांचे जे भूखंड अजून ठरलेले नाहीत, त्यांची थांब्यांजवळ अदलाबदल. याखेरीज आगारासाठी लागणारी जागा भूखंड विक्रीच्या यादीतून याच आठवड्यात काढून घ्या. ती एकदा विकली गेली की नगराच्या हद्दीत तेवढी सलग जागा पुन्हा मिळत नाही.